नोकरी सांभाळून नगर नियोजनाचं पदव्युत्तर शिक्षण : ऑनलाइन वाटेचा पूर्ण नकाशा

नगरपरिषदेतले स्थापत्य अभियंते, लेआउट मंजुरीच्या फायली घेऊन नगररचना विभागाच्या पायऱ्या झिजवणारे तरुण वास्तुविशारद, भूगोलात एम.ए. करून जीआयएसच्या, म्हणजे संगणकीय नकाशांच्या, कंपनीत लागलेली मुलं-मुली. या सगळ्यांचा प्रश्न एकच असतो : नोकरी सोडता येत नाही, तर एम.प्लॅन, म्हणजे नियोजनातली पदव्युत्तर पदवी, ऑनलाइन होईल का?

भारतात सर्वत्र मान्य होईल अशी संपूर्ण ऑनलाइन एम.प्लॅन आज नाही. त्याचं कारण पुढे येईलच. पण म्हणून घरी बसून हा विषय पदव्युत्तर पातळीवर शिकता येत नाही असं नाही. वाटा आहेत, फक्त प्रत्येक वाट वेगळ्या दारात नेते. उद्या कोणत्या दारात उभं राहायचंय हे न ठरवता फी भरणं या क्षेत्रात फार महागात पडतं.

पहिली पायरी : पदवी कोणाच्या टेबलावर ठेवायची आहे?

सरकारी नोकरी हवी असेल तर आधी लोकसेवा आयोगाची जुनी जाहिरात काढून शैक्षणिक अर्हतेचा परिच्छेद शब्दशः वाचा. सहायक नगर रचनाकार पदासाठी स्थापत्य अभियांत्रिकी आणि वास्तुशास्त्राच्या पदवीधरांनाही वाट राहिली आहे. म्हणजे तुमच्याकडे बी.ई. सिव्हिल असेल, तर परीक्षेला बसण्यासाठी दुसरी पदवी लागतेच असं नाही. तिथे अडतं ते अभ्यासावर. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ आणि डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेली एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजे सगळे जिला यूडीसीपीआर म्हणतात ती, हे दोन दस्तऐवज कोणत्याही परदेशी पदवीपेक्षा इथे जास्त कामाला येतात.

खासगी सल्लागार कंपनीचं गणित वेगळं. विकास आराखड्याच्या किंवा मोठ्या पायाभूत कामाच्या निविदेत ‘नगर नियोजनकार, नियोजनातील पदव्युत्तर पदवी, इतक्या वर्षांचा अनुभव’ अशी अट असते, आणि कंपनीला तुमचा बायोडेटा निविदेला जोडायचा असतो. तिथे पदवीचं नाव आणि मान्यता दोन्ही मोजतात. परदेशात काम करायचं असेल तर त्या देशातल्या व्यावसायिक संस्थेची अधिमान्यता हाच निकष. आणि तुम्ही पत्रकार, नगरसेवक किंवा एखाद्या नागरी संस्थेत काम करणारे असाल, तर पदवीच्या मागे लागूच नका. सुटे अभ्यासक्रम आणि पुढे सांगितलेला घरचा स्टुडिओ, म्हणजे एका गावाचा प्रत्यक्ष अभ्यास, पुरेसा आहे.

दुसरी पायरी : मान्यतेचा कायदा समजून घ्या

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या (एआयसीटीई) १९८७ च्या कायद्यात ‘तांत्रिक शिक्षण’ या व्याख्येत अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र यांच्या जोडीला नगर नियोजनही आहे. दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीला ही परिषद व्यवस्थापन, संगणक उपयोजन, प्रवास व पर्यटन अशा मोजक्या शाखांतच परवानगी देते. नियोजन त्यात नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगीविना दूरस्थ पद्धतीने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांचा प्रश्न निकाली काढला, तेव्हा अनेक नोकरदारांना आपल्या पदव्या टिकवण्यासाठी पुन्हा परीक्षेला बसावं लागलं. तेव्हा एखादं विद्यापीठ ‘ऑनलाइन एम.प्लॅन, यूजीसी मान्य’ असं म्हणत असेल तर विद्यापीठाची मान्यता आणि त्या अभ्यासक्रमाची त्या पद्धतीतली मान्यता या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे लक्षात ठेवा. दूरस्थ व ऑनलाइन अभ्यासक्रमांची सत्रनिहाय यादी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर असते. त्यात विद्यापीठाचं नव्हे, अभ्यासक्रमाचं नाव शोधा.

परदेशी पदवीच्या समकक्षतेसाठी यूजीसीने २०२५ मध्ये नवे नियम आणले. ऑनलाइन घेतलेल्या परदेशी पदवीला भारतात समकक्षता मिळेलच असं गृहीत धरू नका. प्रवेश घेण्याआधी, अभ्यासक्रमाचं नाव आणि पद्धत लिहून, लेखी विचारा. उत्तर उशिरा आलं तरी चालेल, फी भरण्याची घाई नको.

तिसरी पायरी : वाट निवडा

देशातली एक जुनी वाट म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ टाउन प्लॅनर्स, इंडिया (आयटीपीआय) या संस्थेची असोसिएटशिप परीक्षा. ही संस्था १९५१ ची. वर्ग नसतात, अभ्यास स्वतः करायचा, पेपर आणि प्रबंध द्यायचा. कामाचा अनुभव असलेल्या माणसाला ही परीक्षा फार मानवते, कारण प्रश्न प्रत्यक्ष कामाच्या जवळ जाणारे असतात. मात्र व्यावसायिक संस्थांच्या परीक्षांना पदवीशी समकक्ष धरण्याचं केंद्राचं धोरण २०१२-१३ मध्ये बदललं. त्यामुळे सरकारी भरतीसाठी ही वाट धरणार असाल तर आजची स्थिती संस्थेकडून आणि भरती करणाऱ्या विभागाकडून, दोन्हीकडून तपासा.

इग्नूने शहरी नियोजन व विकास या विषयात पदव्युत्तर पदविका चालवली आहे. चालू सत्रात प्रवेश खुला आहे का ते पाहून घ्या. पदविका ही पदवी नाही, पण नगरपालिकेत आधीच नोकरीला असलेल्याला विषयाची बैठक मिळते आणि खर्च अगदी कमी.

मग परदेशी विद्यापीठं. ब्रिटनमध्ये १९१४ साली स्थापन झालेली रॉयल टाउन प्लॅनिंग इन्स्टिट्यूट, अमेरिकेत प्लॅनिंग अ‍ॅक्रेडिटेशन बोर्ड, ऑस्ट्रेलियात प्लॅनिंग इन्स्टिट्यूट ऑफ ऑस्ट्रेलिया, या तीन संस्था अभ्यासक्रमांना अधिमान्यता देतात. ब्रिस्टलच्या युनिव्हर्सिटी ऑफ द वेस्ट ऑफ इंग्लंडने नियोजनाचं दूरशिक्षण अनेक वर्षं चालवलं आहे, फ्लोरिडा विद्यापीठ शहरी व प्रादेशिक नियोजनाची ऑनलाइन मास्टर्स देतं. नाव कुठलंही असो, अधिमान्यता देणाऱ्या संस्थेच्या स्वतःच्या यादीत जाऊन पाहा. विद्यापीठाच्या माहितीपत्रकावर विसंबू नका.

यातली कोणतीच वाट परवडत किंवा पटत नसेल तर एनपीटीईएल हे ऑनलाइन शिक्षणाचं व्यासपीठ आहे. आयआयटी खरगपूर आणि रुरकीच्या प्राध्यापकांचे शहरी नियोजन, वाहतूक, जमीन वापर यांवरचे अभ्यासक्रम तिथे फुकट ऐकता येतात. प्रमाणपत्र हवं असेल तर शुल्क भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. अंतिम गुणांत साप्ताहिक स्वाध्यायांचे २५ आणि परीक्षेचे ७५ गुण धरतात. डेहराडूनच्या भारतीय दूरसंवेदन संस्थेचे ऑनलाइन जीआयएस वर्ग, राष्ट्रीय नागरी कार्य संस्थेचा नॅशनल अर्बन लर्निंग प्लॅटफॉर्म आणि एमआयटीच्या खुल्या अभ्यासक्रमांतला अकरावा विभाग, म्हणजे तिथला नगर अभ्यास व नियोजन विभाग, हेही जोडीला घ्या.

एक वाट ऑनलाइन नाही, पण सांगायलाच हवी. गेट या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेतल्या ‘आर्किटेक्चर अँड प्लॅनिंग’ पेपरचे गुण तीन वर्षं चालतात. आत्ता नोकरी करत हा पेपर द्या, वर्षभर वरचे सुटे अभ्यासक्रम करा, आणि अभ्यास रजा मिळाली की पुण्याच्या सीओईपीत, नागपूरच्या व्हीएनआयटीत किंवा दिल्ली, भोपाळ, विजयवाडा इथल्या एसपीएत (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) नियमित प्रवेश घ्या. ज्याला दोन वर्षांची रजा कशीही जमवता येते त्याने हेच करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. नियोजनाच्या शिक्षणाचा गाभा स्टुडिओत असतो, आणि तो पडद्यावर निम्माच पोचतो.

चौथी पायरी : विद्यापीठाला पत्र लिहा

परदेशी अभ्यासक्रम ठरला की प्रवेश विभागाला एक मेल लिहा आणि उत्तर जपून ठेवा. विचारायचं ते असं : अधिमान्यता ऑनलाइन पद्धतीलाही लागू आहे का, की फक्त वर्गातल्या तुकडीला? पदवी प्रमाणपत्रावर किंवा गुणपत्रकावर पद्धतीचा उल्लेख असतो का? स्टुडिओ कसा घेतात, आणि त्यासाठी काही दिवस प्रत्यक्ष यावं लागतं का? प्रबंधाचं क्षेत्र भारतातलं घेता येईल का? मध्येच थांबावं लागलं तर हातात काय पडतं?

शेवटचा प्रश्न लाजून टाळू नका. ब्रिटिश मास्टर्स १८० क्रेडिटची असते. ६० क्रेडिटला पदव्युत्तर प्रमाणपत्र आणि १२० ला पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते. घरी बाळ येतं, बदली होते, वडिलांचं आजारपण निघतं. अशा वेळी केलेलं वाया जात नाही.

पाचवी पायरी : तास आणि पैसे

ब्रिटिश हिशेबात एक क्रेडिट म्हणजे साधारण दहा तासांचा अभ्यास. १८० क्रेडिटचे १८०० तास. तीन वर्षांत पसरले तर आठवड्याला साडेअकरा ते बारा तास, तेही दिवाळी, गणपती आणि लग्नसराई न वगळता. रोज रात्री दीड तास आणि रविवारी सकाळ, असं काहीतरी ते बसतं. घरच्यांशी हे आधीच बोलून ठेवा.

वेळेचा फरक माहितीपत्रकात कोणी सांगत नाही. लंडनमध्ये संध्याकाळी सहाची चर्चा आपल्याकडे हिवाळ्यात रात्री साडेअकराला, उन्हाळ्यात साडेदहाला होते. न्यूयॉर्क किंवा फ्लोरिडातली सहाची चर्चा हिवाळ्यात पहाटे साडेचारला येते. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरची मात्र भर दुपारी, म्हणजे ऑफिसच्या वेळेत. थेट तासिका सक्तीच्या आहेत की ध्वनिमुद्रण चालतं, हे यासाठी विचारायचं.

फी हप्त्याने, विषयागणिक भरता येत असेल तर तशीच भरा. रुपया घसरला की पुढचा हप्ता जड जातो हे खरं, पण अर्ध्यात सोडायची वेळ आली तर पूर्ण रक्कम अडकत नाही. परदेशी पाठवलेल्या पैशांवरच्या कराचे नियम वारंवार बदलतात, ते बँकेत त्या-त्या वेळी विचारा.

सहावी पायरी : परकी पद्धत शिकताना आपला कायदा शेजारी ठेवा

परदेशी नियोजन जसंच्या तसं इथे बसत नाही, आणि का बसत नाही हे कळणं हाच निम्मा अभ्यास आहे. ब्रिटनने १९४७ च्या कायद्याने विकसनाचा हक्क सरकारकडे घेतला. तिथे आराखडा दिशा दाखवतो, पण प्रत्येक अर्ज त्याच्या गुणदोषांवर तपासला जातो. अमेरिकेत स्थानिक संस्थेचा झोनिंगचा, म्हणजे कुठे काय बांधता येईल हे ठरवणारा, नियम बलवान, आणि १९२६ च्या युक्लिड खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला मान्यता दिली. महाराष्ट्रात विकास आराखडा झोन ठरवतो, शाळा-बागांसारख्या सार्वजनिक कामांसाठी जागांवर आरक्षणं टाकतो, आणि बाकी सगळं नियमावली : रस्त्याची रुंदी किती, त्यावर एफएसआय (भूखंडाच्या प्रमाणात बांधकाम) किती, टीडीआर (दुसरीकडून आणलेला विकास हक्क) किती, सामासिक अंतर (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा) किती. नियमात बसलं की मंजुरी.

आपल्याकडचा आणखी एक धागा म्हणजे नगररचना परियोजना. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यापासून ती चालत आली आहे. विखुरलेले भूखंड एकत्र करून, रस्ते-बागांसाठी वाटा काढून, प्रत्येकाला नवा अंतिम भूखंड द्यायचा. गुजरातने ती सातत्याने वापरली. महाराष्ट्रात ती बराच काळ मागे पडली आणि अलीकडे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (पीएमआरडीए) माण-म्हाळुंगेसारख्या ठिकाणी पुन्हा हाती घेतली. परदेशी अभ्यासक्रमात जमीन एकत्रीकरणाचा विषय आला की निबंधाला हे उदाहरण घ्या. परीक्षकाला ते नवीन असतं आणि तुम्हाला पुढे उपयोगी पडतं.

तेव्हा प्रत्येक विषयासोबत १९६६ च्या अधिनियमातलं संबंधित कलम वाचायची सवय लावा. जमीन वापर सर्वेक्षण शिकताना कलम २५, लोकसहभाग शिकताना कलम २६ व २८, आरक्षण आणि मालमत्ता हक्क शिकताना कलम १२७. गोव्यातल्या विद्यार्थ्याने १९७४ चा गोवा नगर व ग्राम नियोजन कायदा घ्यावा. तिथे तर वाचायला कमी नाही. प्रादेशिक आराखडा २०११ लोकांच्या विरोधापुढे सरकारला २००७ मध्ये मागे घ्यावा लागला, आणि कलम १७ (२) खालच्या झोन बदलांचं प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत पोचलं.

सातवी पायरी : घरचा स्टुडिओ

ऑनलाइन शिकणाऱ्याची खरी परीक्षा इथे आहे. वर्गात वीस जण मिळून एक शहर उलगडतात आणि भिंतीवर नकाशे लटकतात. तुम्हाला हे एकट्याने करायचं आहे. १९१४ साली भारतात आलेले आणि पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झालेले पॅट्रिक गेडेस आधी पाहणी, मग आराखडा असा आग्रह धरत. तो क्रम आजही चुकलेला नाही.

गाव छोटं निवडा. पुणे-नाशिक नको. तीस ते साठ हजार वस्तीची, जिथे दर रविवारी जाता येईल अशी नगरपरिषद घ्या. मंजूर विकास आराखड्याचे नकाशे आणि अहवाल नगररचना संचालनालयाच्या संकेतस्थळावर मिळतात का पाहा, नाहीतर नगरपरिषदेत मागा, तिथेही नाही तर माहिती अधिकार.

नकाशा क्यूजीआयएसमध्ये आणा. ही नकाशाकामाची संगणक प्रणाली फुकट आहे, परवान्याची भानगड नाही. स्कॅन केलेला नकाशा जागेवर बसवताना नदीकाठ हा संदर्भ धरू नका, तो सरकतो. जुना पूल, चौक, रेल्वे फाटक, देवळाचा कोपरा असे आठ-दहा बिंदू घ्या आणि ते नकाशाच्या चारही कडांना पसरलेले असू द्या. मधे गर्दी केली की कडा वाकड्या होतात. आणि क्षेत्रफळ मोजण्याआधी प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर आणायची पद्धत, तपासा. मुंबई, पुणे, कोल्हापूर, संभाजीनगर यूटीएम या प्रक्षेपणाच्या ४३ उत्तर पट्ट्यात येतात, तर ७८ अंश पूर्वेच्या पलीकडचे नागपूर, वर्धा, चंद्रपूर ४४ उत्तर पट्ट्यात.

मग पायी फिरा. सगळं गाव नको, एक प्रभाग पुरे. मोबाइलवर क्यूफील्ड हे अ‍ॅप टाकून घराघराचा आजचा वापर नोंदवा : खाली दुकान वर राहणं, बंद वाडा, गोठा, क्लास, पार्किंगमध्ये चालणारी पिठाची गिरणी. आराखड्यातल्या पिवळ्या, म्हणजे निवासी, रंगाच्या पोटात किती धंदे चालतात हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की ‘मिश्र वापर’ या शब्दावर वेगळं व्याख्यान लागत नाही.

आता मापदंड लावा. शहरी व प्रादेशिक आराखड्यांसाठीच्या केंद्राच्या २०१४ च्या यूआरडीपीएफआय मार्गदर्शक तत्त्वांत पाच हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक शाळा आणि माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा धरली आहे. पन्नास हजारांच्या गावाला म्हणजे दहा शाळा आणि किमान ५० हेक्टर मोकळी जागा. आराखड्यात आरक्षणं किती आहेत ते मोजा. त्यातली किती नगरपरिषदेच्या ताब्यात आली ते विचारा. दहा वर्षांत जागा घेतली नाही तर कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत, म्हणजे रद्द, होतं. कागदावरचं उद्यान आणि जागेवरचा बंगला यांच्यामधली गोष्ट लागते किती, आरक्षित किती, ताब्यात किती या तीन आकड्यांत असते. माझ्या मते नियोजनाचा कोणताही सिद्धांत शिकण्याआधी प्रत्येकाने हा तक्ता एकदा स्वतः भरावा.

लोकसंख्येचा आकडा ही मोठी अडचण आहे. अधिकृत जनगणना २०११ ची, पुढची २०२७ मध्ये. मधल्या काळासाठी गणिती अंदाजाबरोबर मालमत्ता कराच्या नोंदी, मतदार यादी आणि नळजोडण्या यांचा ताळा घ्या. तिन्ही आकडे जुळणार नाहीत. का जुळत नाहीत ते लिहून ठेवा, अहवालाचं सर्वांत चांगलं पान तेच होईल.

वाहतूक मोजणी एका चौकात, दोन दिवस करा : एक साधा दिवस, एक आठवडी बाजाराचा. साताऱ्या-सांगलीकडे असाल तर गळीत हंगामातला तिसरा दिवस घ्याच. भारतीय रस्ते काँग्रेसच्या आयआरसी १०६ या संहितेत शहरी रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉलीला किमान चार मोटारींइतकं वजन दिलं आहे. ऊस सुरू झाला की तोच रस्ता एकदम अपुरा का वाटतो ते आकड्यांत दिसतं.

हे सगळं चार मोठ्या कागदांवर मांडा आणि कोणाला तरी दाखवा. निवृत्त नगर रचनाकार सहसा नाही म्हणत नाहीत. आयटीपीआयच्या महाराष्ट्र शाखेच्या कार्यक्रमांना गेलात की ओळखी होतात. ते सर किंवा त्या मॅडम तुमच्या नकाशावर लाल पेनाने रेघा मारतील, तीच तुमची ज्युरी, म्हणजे परीक्षक मंडळ.

आठवी पायरी : प्रबंध

‘स्मार्ट सिटीचा नागरी जीवनावर परिणाम’ असले विषय सोडून द्या. एका नगरपरिषदेतल्या उद्यानांच्या आरक्षणांचं वीस वर्षांत काय झालं, एका गावठाणात सामासिक अंतराचे नियम का पाळता येत नाहीत, एका जनगणना शहराला (जनगणनेने शहर मानलेल्या, पण ग्रामपंचायत असलेल्या गावाला) ग्रामपंचायतच राहावंसं का वाटतं : इतका लहान प्रश्न हवा. परदेशी विद्यापीठ असेल तर घरोघरी मुलाखती घेण्याआधी नैतिक परवानगीचा अर्ज द्यावा लागतो. संमतीपत्र मराठीत करा, त्याचं भाषांतर जोडा, आणि या मंजुरीला वेळ लागतो हे धरून पावसाळ्याआधी अर्ज टाका. जूनमध्ये क्षेत्रभेटी सुरू करणारा ऑक्टोबरपर्यंत अडकतो.

जागा निवडताना एक तारीख पाहा. कलम ३८ प्रमाणे विकास आराखड्याचं पुनर्विलोकन वीस वर्षांतून एकदा तरी व्हायला हवं. ज्या गावाच्या मंजुरीला अठरा-एकोणीस वर्षं झाली आहेत तिथे लवकरच नवा आराखडा करण्याचा इरादा जाहीर होईल, मग प्रारूप आराखडा प्रसिद्ध होऊन हरकती-सूचना मागवल्या जातील. तोवर तुमचे आकडे तयार असतील. जाहिरातीतल्या मुदतीत, तक्ता आणि नकाशा जोडून हरकत दाखल करा. नियोजन समितीपुढे सुनावणीचं पत्र आलं की प्रबंधाचा मराठी गोषवारा चार प्रतींत काढून घेऊन जा.